शब्दामागची माणसे

इंग्रजी शब्दकोशात ‘डूलॅली’ असा एक गमतीदार शब्द आहे. शब्द इंग्रजी असला, तरी त्याचे जन्मगाव आपल्या महाराष्ट्रात आहे. नाशिकजवळचे देवळाली हे ते गाव. इंग्रजांच्या जिभेला ‘ळ’ जमेना. त्यांनी देवळालीचे ‘देवलाली’ केले आणि गोऱ्या शिपायांच्या तोंडी त्याचे ‘डूलॅली’ झाले.

एकोणिसाव्या शतकात देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यापूर्वी तेथे येऊन थांबत. त्यांना नेणारी जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे, त्याला कित्येक महिने वाट पाहावी लागे. हाताला काम नाही आणि घर तर हजारो मैल दूर! कोणी दारूच्या नादी लागे, कोणी आजारी पडे, तर कोणाचे मनच थाऱ्यावर राहत नसे. अशा माणसाला बाकीचे शिपाई म्हणत, ‘याला डूलॅली टॅप झाला.’ फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या छावणीच्या आठवणी लिहिल्या आहेत.

यातील ‘टॅप’ म्हणजे काय? तो तर तुमच्या ओळखीचाच शब्द आहे. उर्दूत क्षयरोगाला ‘तपेदिक’ म्हणतात. त्यातला ‘तप’ म्हणजे ज्वर. हा शब्द फारसीतून आला. मराठीतला ‘ताप’ संस्कृतातून आला. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे ‘डूलॅली टॅप’ याचा सरळ अर्थ ‘देवळालीचा ताप’. एका इंग्रजी शब्दात मराठी गाव आणि उर्दू दुखणे शेजारी शेजारी बसले!

पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि नुसते ‘डूलॅली’ उरले. आज ब्रिटनमध्ये कोणी विचित्र वागू लागला, की ‘तो डूलॅली झाला’ असे थट्टेने म्हणतात. बिघडलेल्या यंत्रालाही कोणी असे म्हणतो. हा बोलण्यातला शब्द आहे. अर्जात किंवा निबंधात तो शोभत नाही.

आता माझे मत सांगतो. हा शब्द तुम्ही जरूर शिका. पण तो कोणा माणसावर फेकू नका. या शब्दामागे घराच्या ओढीने झुरणारी माणसे आहेत. ती आपल्यावर राज्य करणाऱ्यांच्या फौजेतली होती, हे खरे. तरीही दुःख ते दुःखच. त्यांचे दुखणे विसरले गेले, हसणे मात्र टिकले.

तुम्ही म्हणाल, ‘नुसता शब्दच तर आहे! त्याने काय बिघडते?’ बिघडते, मित्रांनो. आपणही ‘वेडा’, ‘पागल’, ‘दीवाना’ हे शब्द सहज वापरतो. प्रेमाने म्हटले, तर ते गोड वाटतात. पण खरोखरच ज्याचे मन आजारी आहे, त्याला ते सुरीसारखे लागतात. लोक हसतील या भीतीने तो आपले दुखणे लपवतो आणि डॉक्टरांकडे जात नाही. अंगात ताप असलेल्या माणसाला आपण हसत नाही; त्याच्या कपाळावर हात ठेवतो. मग मनाच्या तापालाच का हसावे? आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे तो कायदा सांगतो. कायद्याने हक्क दिला. आपुलकी मात्र आपण द्यायची आहे.

आणि देवळालीचा यात काय दोष? तेथील हवा चांगली म्हणून लोक प्रकृती सुधारण्यासाठी तेथे जात. आज तेथे सैन्याच्या तोफखान्याचे शिक्षण मिळते. गाव बदनाम झाले ते दुसऱ्यांच्या कंटाळ्यामुळे!

म्हणून नवा शब्द भेटला, की तीन प्रश्न विचारा : तो कोठून आला? त्याचा अर्थ काय? आणि तो ऐकून कोणाचे मन दुखेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शब्दकोशात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर ज्याला सापडेल, त्यालाच भाषा खऱ्या अर्थाने आली.