शिष्यवृत्ती वाढली, संशोधनाची वाट मात्र बिकटच

अभियांत्रिकीच्या पदवीनंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर गेली पंचवीस-तीस वर्षे पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत जवळजवळ ठरलेले होते. कॅम्पस मुलाखतीतून माहिती तंत्रज्ञान कंपनीचे नियुक्तिपत्र मिळवायचे किंवा कर्ज काढून अमेरिकेत एम.एस. करायचे. संशोधनाचा विचार करणारे विद्यार्थी वर्गात एखाद-दुसरेच असत आणि त्यांच्याकडे काहीशा काळजीनेच पाहिले जाई. २०२५ या वर्षाने मात्र या दोन्ही वाटांविषयीचा भरवसा डळमळीत केला. जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कपातीची घोषणा केली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लादले. आता संशोधन शिष्यवृत्तीचा पर्याय अनेक घरांत पहिल्यांदाच गांभीर्याने चर्चिला जात आहे. त्यामुळे या पर्यायात नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

आकड्यांचा हिशेब

प्रथमदर्शनी चित्र आशादायक आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे ‘जेआरएफ’, २०१० मध्ये दरमहा १६ हजार रुपये होती. २०१४ मध्ये ती २५ हजार, २०१९ मध्ये ३१ हजार आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाली. दोन वर्षांनंतर मिळणारी वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२ हजारांवर गेली. शहराच्या वर्गवारीनुसार घरभाडे भत्ता वेगळा. अभियांत्रिकीच्या पदवीधराला ‘गेट’ परीक्षेच्या आधारे ही शिष्यवृत्ती मिळू शकते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा नागपूरची ‘नीरी’ यांसारख्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थांतही या मार्गाने प्रवेश करता येतो.

मोठ्या माहिती तंत्रज्ञान सेवा कंपन्यांत नवोदित अभियंत्याचे वार्षिक वेतन वर्षानुवर्षे साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. दरमहा ३७ हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार. पहिल्या वर्षाची तुलना केली तर संशोधनाचा रस्ता तोट्याचा नाही, उलट किंचित फायद्याचाच आहे.

परंतु हिशेब पहिल्या वर्षाचा करून भागत नाही. पाच वर्षांत शिष्यवृत्तीची रक्कम एकदाच आणि तीही पाच हजारांनी वाढते. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. शिवाय महागाईशी सांगड घालणारी कोणतीही यंत्रणा नाही. वाढ होते ती चार-पाच वर्षांतून एकदा, बहुधा विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर. २०१८-१९ मध्ये देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी ८० टक्के वाढीची मागणी लावून धरली होती. पदरात २४ टक्के पडले. बाविसाव्या वर्षी संशोधनाला लागलेला तरुण सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर पडतो, तेव्हा नोकरीत गेलेला त्याचा वर्गमित्र वेतनाच्या आणि अनुभवाच्या दोन-तीन पायऱ्या चढून गेलेला असतो.

पहिलीच पायरी खचलेली

अभियंत्यासाठी संशोधनाचे प्रवेशद्वार बहुधा एम.टेक. हेच असते. प्रयोगशाळेची गोडी लागते ती याच दोन वर्षांत. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन एम.टेक. करणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आठ हजारांवरून १२,४०० रुपये करण्यात आली. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीत वाढ झाली, तेव्हाही ही रक्कम जागची हलली नाही. पुणे किंवा मुंबईत खोलीचे भाडे आणि खानावळ यांतच ती संपून जाते.

उलट सप्टेंबर २०१९ मध्ये आयआयटी परिषदेने एम.टेक.चे शुल्क बी.टेक.च्या पातळीवर नेण्याचा आणि शिष्यवृत्तीची पद्धत मोडीत काढण्याचा प्रस्ताव पुढे आणला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम मध्येच सोडून नोकरीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे असल्याचे कारण त्यासाठी देण्यात आले. मुंबई आयआयटीसह अनेक ठिकाणी विरोध झाल्यावर आधीपासून शिकणाऱ्यांना याची झळ बसणार नाही, असा खुलासा करावा लागला. विद्यार्थी अभ्यासक्रम का सोडतात, याचे उत्तर १२,४०० या आकड्यातच बऱ्याच अंशी दडलेले आहे, याकडे मात्र लक्ष दिले गेले नाही.

‘गेट’चे स्वरूपही या काळात बदलले आहे. उच्च शिक्षणाची पात्रता ठरवणारी ही परीक्षा आता एनटीपीसी, पॉवर ग्रिड, इंडियन ऑइल अशा सार्वजनिक उपक्रमांतील भरतीचाही आधार बनली आहे. त्यामुळे ‘गेट’ला बसणारा प्रत्येक जण संशोधनाकडे निघाला आहे, असे मानण्यात अर्थ नाही. अनेकांसाठी सार्वजनिक उपक्रमातील नोकरी हे पहिले उद्दिष्ट असते आणि एम.टेक. हा तोवरचा मुक्काम.

मोजक्यांसाठी मोठी रक्कम

पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीची घोषणा २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात झाली. पहिली दोन वर्षे दरमहा ७० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार, चौथ्या व पाचव्या वर्षी ८० हजार आणि त्याखेरीज दरवर्षी दोन लाखांचे संशोधन अनुदान, असे तिचे स्वरूप ठरले. परदेशी जाणाऱ्या हुशार अभियंत्यांना देशात थांबवण्याचा हा प्रयत्न होता. आरंभी ती आयआयटी, एनआयटी आदी केंद्रीय संस्थांच्या पदवीधरांपुरतीच होती. नंतर इतर संस्थांच्या विद्यार्थ्यांनाही दार उघडले आणि २०२० मध्ये त्यांच्यासाठी ‘गेट’ गुणांकाची अट ७५० वरून ६५० वर आणण्यात आली. सांगली, अमरावती किंवा नांदेडच्या महाविद्यालयातील गुणवान विद्यार्थ्यासाठी हा बदल महत्त्वाचा होता.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेखाली पाच वर्षांत दहा हजार शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली. म्हणजे सरासरी वर्षाला दोन हजार. देशात बी.टेक.च्या मंजूर जागा २०२४-२५ मध्ये पंधरा लाखांच्या घरात होत्या. हे प्रमाण पाहिले की या योजनेची मर्यादा लक्षात येते. त्यातही एकाच प्रयोगशाळेत, एकाच मार्गदर्शकाकडे काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला ७० हजार आणि दुसऱ्याला ३७ हजार मिळतात. स्पर्धेतून निवड झालेल्यांना अधिक मिळावे हे मान्य केले, तरी ही तफावत जवळपास दुप्पट आहे आणि देशातील बहुसंख्य संशोधन दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांच्या श्रमावर उभे आहे.

रक्कम कागदावर, विद्यार्थी रस्त्यावर

रकमेइतकाच तिच्या वेळेवर मिळण्याचा प्रश्न गंभीर आहे. केंद्राच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीचे पैसे अनेक महिने रखडल्याच्या तक्रारी विद्यार्थ्यांनी अलीकडच्या काळात जाहीरपणे मांडल्या. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास प्रवर्गांतील संशोधकांना शिष्यवृत्ती देतात. ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा मुलगी पीएच.डी.पर्यंत पोहोचली आहे, तेथे या योजनांचे मोल फार मोठे आहे. मात्र त्यासाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या देण्याची वेळ आली. २४ डिसेंबर २०२३ रोजी या शिष्यवृत्त्यांसाठी घेतलेल्या चाचणीची प्रश्नपत्रिका २०१९ च्या ‘सेट’ परीक्षेचीच असल्याचा आक्षेप घेत विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला आणि जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. त्याच डिसेंबरात विधान परिषदेत ‘सारथी’च्या शिष्यवृत्तीवर चर्चा सुरू असताना, पीएच.डी. करून हे विद्यार्थी काय साधणार, अशा आशयाचा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला होता. त्यावर टीका झाल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण हा सवाल समाजातील अनेकांच्या मनात असतो, हेही नाकारता येणार नाही.

कालावधीचे गणितही जुळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी कमाल सहा वर्षे मिळतात. शिष्यवृत्ती मात्र बहुधा पाच वर्षांत थांबते. प्रबंध लिहिण्याच्या ऐन काळात, जेव्हा दुसरे काही करायला उसंत नसते, तेव्हाच उत्पन्न बंद होते.

पदवीनंतर कोठे?

खरा प्रश्न पीएच.डी.नंतरचा आहे. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण सुमारे २.४ टक्के आणि दक्षिण कोरियात ४.८ टक्के आहे. भारताच्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के. दर दहा लाख लोकसंख्येमागे संशोधकांची संख्या २६२. उद्योगच संशोधन करत नसेल, तर संशोधकाला नोकरी देणार कोण? उरतात ती महाविद्यालये. तेथे सहायक प्राध्यापकपदासाठी एम.टेक. पुरते, पुढच्या पदोन्नतीसाठी पीएच.डी. लागते. शासकीय व अनुदानित संस्थांत भरती रेंगाळते आणि अनेक खासगी संस्थांत वेतन थकल्याच्या तक्रारी नव्या नाहीत.

तरीही परिस्थिती सर्वस्वी निराशाजनक नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून अभियंत्यांना विद्यावेतनासह एक वर्षाचे प्रशिक्षण देऊन वैज्ञानिक अधिकारी म्हणून सामावून घेते. शिकताना पैसा आणि शिकून झाल्यावर काम, असा हा देशातील बहुधा सर्वांत यशस्वी नमुना म्हणावा लागेल. संरक्षण संशोधन संस्थाही ‘गेट’च्या आधारे शास्त्रज्ञांची निवड करते आणि तिच्या अनेक प्रयोगशाळा पुण्यात आहेत. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानातील संवेदन तंत्रज्ञानाचे केंद्र मुंबई आयआयटीकडे आले आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या तंत्रज्ञान केंद्रांची देशातील संख्या १,७०० च्या पुढे गेली असून चिप-रचना आणि वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्ये सखोल ज्ञान असलेल्यांना तेथे मागणी आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन व नवोन्मेषासाठी एक लाख कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ही योजना प्रामुख्याने उद्योगांना दीर्घ मुदतीचे स्वस्त भांडवल देण्यासाठी आहे. त्यातून संशोधकांसाठी किती पदे उभी राहतात, यावर तिचे यश मोजले पाहिजे.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनीही अमेरिकेपलीकडे पाहावयास हवे. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी पुष्कळदा संस्थेचा करारबद्ध कर्मचारी असतो. त्याला वेतन आणि सामाजिक सुरक्षेचे लाभ मिळतात. शिष्यवृत्तीला उपकार न मानता कामाचा मोबदला मानण्याची ही दृष्टी आपल्याकडे रुजलेली नाही.

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी काही गोष्टींची खातरजमा करून घेणे हिताचे ठरेल. पैसे नेमके कोणाकडून येतात आणि याआधीच्या तुकडीला ते वेळेवर मिळाले का? घरभाडे भत्ता लागू आहे का? नियोजित मार्गदर्शकाच्या विद्यार्थ्यांनी सरासरी किती वर्षांत पदवी मिळवली आणि ते आज कोठे आहेत? विषयाला उद्योगात मागणी आहे का? या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तिकेत नसतात. ती त्याच प्रयोगशाळेतील ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडे मिळतात.

धोरणकर्त्यांच्या हातात असलेले उपायही फार खर्चिक नाहीत. एम.टेक.ची शिष्यवृत्ती वाढवणे, सर्व शिष्यवृत्त्या महागाई निर्देशांकाशी जोडणे, दरमहा ठरावीक तारखेला त्या खात्यात जमा करणे आणि शिष्यवृत्तीची मुदत पीएच.डी.च्या मुदतीशी जुळवणे, एवढे केले तरी बराच फरक पडेल. माहिती तंत्रज्ञान आणि अमेरिका या दोन्ही वाटा अरुंद झालेल्या असताना हुशार अभियंत्यांची एक पिढी संशोधनाच्या उंबरठ्यावर उभी आहे. नोकऱ्यांचा बाजार सावरला की ती पुन्हा माघारी वळेल. हे उपाय करायचे तर ते त्याआधीच करायला हवेत.