आयती संहिता पुरे झाली

आपल्या संघटनांमध्ये पथनाट्य म्हणजे काय, तर चार पानांची झेरॉक्स. एक दारुडा नवरा, एक रडणारी बायको, एक खाष्ट सासू, आणि शेवटी संस्थेची ताई येऊन कायद्याचे कलम सांगते. सोबत डफ. मुली दोन दिवसांत पाठ करतात, आठ मार्चला करून दाखवतात आणि अहवालात ‘जाणीवजागृती, प्रेक्षक इतके’ अशी ओळ पडते. मैत्रिणींनो, हे नाटक नव्हे. हे आपण मुलींच्या तोंडून वाचून घेतलेले पत्रक आहे. दुसऱ्याने दिलेले वाक्य निमूट म्हणायला घराने त्यांना आधीच शिकवले आहे, त्यासाठी आपली गरज नाही.

मुळशी तालुक्यात काम करताना आम्ही ही आयती संहिता बंद केली. पौडला दर रविवारी चौदा-पंधरा जणी जमतो. बहुतेक कॉलेजच्या मुली, काही बचत गटातल्या बायका. मराठी नाटकाचा इतिहास सुरुवातीपासून उभा करायचा असे ठरवले. उभा करायचा, म्हणजे अक्षरशः: प्रवेश वाचायचा, उठायचे, करून बघायचे. पाठ्यपुस्तकात ‘विष्णुदास भावे, सीता स्वयंवर, सांगली, १८४३’ एवढे असते. पाठ केले की मार्क मिळतात. तालमीत मात्र पहिल्याच दिवशी प्रश्न आला, सीता कोण झाली होती? पुरुष. आणि पुढे किती वर्षे?

जवळच्या गावातले एक आजोबा तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत स्त्री-पार्ट करत. त्यांना बोलावले. त्यांनी पदर सावरत, मान वेळावत चालून दाखवले. मुली हसून बेजार. एक म्हणाली, “आजोबा, डोक्यावर हंडा असला की असं नाही चालता येत.” बालगंधर्वांचे नेसणे-माळणे त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका उचलत, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगत आलो. पुरुषाने बाई दाखवायची आणि ती बघून बाईने बाई व्हायचे! हे त्या हंड्याच्या वाक्याने जेवढे कळले तेवढे माझ्या व्याख्यानाने कळले नसते.

मग देवलांचे ‘शारदा’ घेतले, १८९९ चे. म्हाताऱ्या भुजंगनाथाला बाप पोरगी विकतो, त्याविरुद्धचे सुधारक नाटक म्हणून ते आपण शिकतो. लग्न मोडते तो प्रवेश बसवताना शारदेचे काम करणारी मुलगी थांबली. लग्न मोडले ते कशाने? दोघे सगोत्र निघाले म्हणून. शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. तिच्या नकाराला शास्त्राचा आधार मिळेपर्यंत किंमत नाही. सुधारणेचे हे मोजमाप वाचताना निसटते. मांडवात उभे राहिल्यावर निसटत नाही.

सर्वात जास्त भांडण झाले ते १९३३ वरून. ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या आणि कुलीन स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या, असे सांगतात. “मग तमाशातल्या पवळा बाई नव्हत्या का?” असे एकीने विचारले. तिच्या वडिलांनी तालमीला येताना तिला ‘तमाशात जायचंय का?’ म्हणून अडवले होते. ती शिवी कुठून आली ते तिला आता नीट दिसले. दलित बाईने नाचावे, गावाने बघावे, आणि आपल्या मुलीला धाक घालायला तिचेच नाव वापरावे. कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या हिराबाई पेडणेकरांनी १९१२ मध्ये ‘दामिनी’ लिहिले, त्यांचे नाव आमच्यातल्या एकीलाही शाळेत कुणी सांगितले नव्हते.

आणि जोतिरावांचे ‘तृतीय रत्न’? १८५५ चे नाटक, दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलेले, छापले गेले ते थेट १९७९ मध्ये. जोशीबुवा गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक प्रत्येक डाव प्रेक्षकांसमोर उघडा पाडतो. हा विदूषक मुलींनी उचलला. हिंजवडी याच तालुक्यातली. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भावांना बहिणींची आठवण झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तेव्हापासून साडीचोळी करून बहिणीला गाडीत बसवायचे आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. जोशीबुवाच्या जागी मुलींनी भाऊ आणि जमिनीचा एजंट उभा केला. भाऊ ग्रहांऐवजी माहेर तुटण्याची भीती घालतो. विदूषक झालेली मुलगी प्रेक्षकांना विचारते, “साडी केवढ्याची, आणि गुंठा केवढ्याचा?”

एका गावात यात्रेच्या मांडवात खेळ मागितला. आधी होकार मिळाला, विषय कळल्यावर निरोप आला: हुंड्यावर करा, दारूवर करा, जमिनीवर नको. आपली चार पानी पथनाट्ये गावोगावी इतक्या सुखाने का चालतात, ते या निरोपात आले आहे.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, बायका जळत असताना तुम्ही देवल-खाडिलकर कसले करत बसलात? प्रश्न रास्त आहे. ‘शारदा’ बसवल्याने कुणाचे लग्न थांबले असा माझा दावा नाही. शारदा झालेल्या मुलीचे लग्न बारावीच्या परीक्षेपर्यंत पुढे गेले, ते तिच्या आईच्या हट्टामुळे. पण १९८३ चे ‘मुलगी झाली हो’ आठवा. ज्योती म्हापसेकर आणि स्त्री मुक्ती संघटनेच्या बायका त्यात ओव्या आणि लोकगीतांच्या चाली घेऊन उभ्या राहिल्या, म्हणून ते गावोगाव पोचले. त्यामागे जुन्या रूपांची ओळख होती. ती ओळख आपण शहरातल्या अभ्यासकांकडे ठेवणार आणि खेड्यातल्या मुलीला फक्त घोषणा देणार, हा भेदभाव नाही तर काय?

निधी देणाऱ्यांच्या अर्जात तालमीचा रकाना नसतो, प्रयोगांचा असतो. तो रकाना मागून घ्यायला हवा, वर्षभराच्या तालमींचा, शेवटची एसटी चुकली तर मुलींना घरी पोचवण्याच्या खर्चासकट.

आम्हाला पुढे जोडीने दोन नाटके बसवायची आहेत: खाडिलकरांचे १९०७ चे ‘बायकांचे बंड’ आणि त्याला गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये दिलेले उत्तर, ‘पुरुषांचे बंड’. पहिले लगेच मिळाले. दुसऱ्याची छापील प्रत आसपासच्या वाचनालयांत कुठेच मिळाली नाही. कोणत्या गटाकडे असेल तर कळवा, आम्ही न्यायला येऊ.