भाड्याचं उत्पन्न आणि सेबीची अट

'व्याज नको, भाडं चालेल' म्हणत आपली माणसं इमारतींत पैसे गुंतवतात. ही इच्छा मला समजते. धास्ती वाटते ती केवळ ओळखीवर दिलेल्या पैशांची. 2019 मध्ये बंगळुरूच्या आयएमए योजनेत 'हलाल' नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली.

वर्षाला 2 कोटींचं उत्पन्न, किंवा 7.5 कोटींची निव्वळ मालमत्ता आणि त्यातली निम्मी आर्थिक स्वरूपात, हे सेबीचे 'मान्यताप्राप्त गुंतवणूकदारा'चे ठळक निकष. अशी व्यक्ती तोटा सोसू शकते, असं नियम मानतात. श्रीमंत म्हणजे शहाणा, हे मला पटत नाही. पण सामान्यांना संरक्षण हवंच. त्यांच्यासाठी खासगी फंडात किमान 1 कोटी, छोट्या रीटमध्ये 10 लाख लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या रीटचं युनिट मात्र काहीशे रुपयांत मिळतं.

म्हणून कुणी दोन लाख घेऊन ठरावीक भाड्याची हमी देत असेल, तर आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. जुम्याच्या नमाजनंतर हे सांगायला मशिदीच्या विश्वस्तांनीही पुढे यावं. पैसे बुडाल्यावर सब्र शिकवण्यापेक्षा, देण्यापूर्वी प्रश्न विचारायला शिकवू या.