बनावट कोण?

शर्यतीच्या जुन्या मोटारीची कोणी घरी नक्कल केली, की जाणती मंडळी नाक मुरडतात. ‘बनावट!’ म्हणतात. मला हा शब्द भलत्याच माणसाला चिकटवलेला दिसतो.

जग्वारची डी-टाइप घ्या. १९५५, १९५६, १९५७ अशी लागोपाठ तीन वर्षे तिने फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. इंग्लंडातले हौशी लोक आजही तिची नक्कल करतात. इंजिन एखाद्या जुन्या जग्वारचे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोकायचा, साच्यावर धरून पाहायचा, पुन्हा ठोकायचा. चालकाच्या डोक्यामागचा तो माशाच्या परासारखा पंख मनाजोगता बसेपर्यंत हिवाळा सरतो. आणि विचारलेत, तर गृहस्थ सरळ सांगतो, नक्कल आहे!

आता खुद्द कंपनीकडे पाहा. डी-टाइपलाच रस्त्याजोगी करून तिने एक्सकेएसएस काढली होती. फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली, नऊ गाड्या गेल्या. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, त्या नऊ पुन्हा बांधू. जुन्या नोंदवहीतले चॅसिस क्रमांक देऊ. किंमत दहा लाख पौंडांच्या वर. आणि या म्हणे नकला नव्हेत, ‘नव्या मूळ’ गाड्या!

अहो, धाकट्याला मेलेल्या थोरल्याचा जन्मदाखला देतात काय? कारागिरी अव्वल असेल, मला मान्य आहे. पण मग आजचे साल सांगायला लाज का वाटावी? २०१८ मध्ये तर डी-टाइपच्याच आणखी पंचवीस काढायला घेतल्या. का, तर तेव्हा शंभर करायच्या होत्या, झाल्या पंचाहत्तर!