पदवी पुण्याची, पायपीट नाशिकची

ओझर (जि. नाशिक) : मिग विमानांच्या कारखान्यामुळे देशभर नाव झालेल्या ओझरपासून नाशिक शहर अवघ्या वीस किलोमीटरवर आहे. मुंबई-आग्रा महामार्ग गावालगतच आहे. तरीही या परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बराच काळ अंतराशी झगडण्यात जातो. हे अंतर केवळ रस्त्याचे नाही, ते विद्यापीठाचेही आहे.

नाशिकमध्ये विद्यापीठांची वानवा आहे, असे नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. दोन्हींची मुख्यालये नाशिकचीच. मात्र, पहिले दूरशिक्षणाचे आणि दुसरे आरोग्यशिक्षणापुरते. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे येथील बहुसंख्य विद्यार्थी १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी जोडलेले आहेत. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा धुळे आणि जळगाव जिल्हे तिकडे गेले. नाशिक मात्र पुण्याकडेच राहिले.

याचा परिणाम दुहेरी आहे. पुण्याच्या पदवीला मान आहे आणि तो विद्यार्थ्यांना हवाच असतो. अनेक अर्जही आता ऑनलाइन भरता येतात. परंतु समृद्ध ग्रंथालय, संशोधनाच्या प्रयोगशाळा, व्याख्याने, वादविवाद आणि वसतिगृहातील सहवास या साऱ्यांचे केंद्र दोनशे किलोमीटरवरील गणेशखिंडीत आहे. ओझर, निफाड वा दिंडोरीच्या विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ म्हणजे बहुतांशी गुणपत्रिकेवरील नाव ठरते.

उरते ते नाशिकमधील महाविद्यालय. तेथील दिनक्रम गाडीच्या वेळेवर बेतलेला असतो. सकाळची गाडी चुकली की पहिला तास बुडतो आणि परतीची गाडी गाठायची तर ग्रंथालय, क्रीडांगण व स्नेहसंमेलनाच्या तालमींवर पाणी सोडावे लागते. एसटीच्या मासिक पासमध्ये विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पण तिकीट स्वस्त झाले म्हणून फेऱ्या वाढत नाहीत. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या प्रात्यक्षिकानंतर मुलगी घरी कशी येणार, हा पालकांचा प्रश्न अनेकदा शाखेची निवडही ठरवून टाकतो.

शुल्काचा भार काही प्रमाणात हलका झाला आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ झाले. तथापि, शहरातील खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा खर्च कुटुंबालाच पेलावा लागतो. द्राक्षाचे पैसे हंगामात येतात, खानावळीचे बिल मात्र दर महिन्याला येते. अवकाळी पावसाने बाग झोडपली की पहिली गदा शहरातील खोलीवर येते आणि विद्यार्थी पुन्हा गाडीच्या वेळापत्रकाशी बांधला जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार श्रेयांक पद्धत व प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना महत्त्व आले आहे. म्हणजेच विद्यार्थ्याने वर्गाबाहेर अधिक वेळ द्यावा, ही अपेक्षा आहे. ज्याचे दोन-अडीच तास रोज प्रवासात जातात, त्याने तो वेळ आणायचा कोठून?

या पार्श्वभूमीवर दिंडोरी तालुक्यातील शिवनई येथील पुणे विद्यापीठाच्या उपकेंद्राला महत्त्व आहे. ओझर परिसराला ही जागा पुण्यापेक्षा कितीतरी जवळची. पण उपकेंद्र म्हणजे केवळ अर्ज स्वीकारणारी खिडकी नव्हे. रात्रीपर्यंत उघडी अभ्यासिका, मुलींसाठी वसतिगृह, पदव्युत्तर विभाग आणि तासांच्या वेळा पाहून सुटणाऱ्या बस यांची जोड मिळाली, तरच अंतर कमी होईल. अन्यथा शहराबाहेर आणखी एक इमारत उभी राहील आणि तेथे पोहोचण्यासाठी विद्यार्थ्याला आणखी एक गाडी बदलावी लागेल.