टोपी

परवा बँकेचा संदेश आला, खात्यातून एकोणनव्वद रुपये गेले. पाठोपाठ आणखी तीन वेळा तेवढेच. पैसे जाण्याचं मला नवल नाही. आपणहून यायला लागले तर मी डॉक्टरला बोलावीन. चौकशीअंती नातवाने कबुली दिली.

"आजोबा, खेळातल्या पेट्या घेतल्या. काय निघेल ते उघडल्यावरच कळतं."

"काय निघालं?"

"टोपी."

सहा पेट्या, त्यांत तीन टोप्या, तिन्ही एकाच रंगाच्या. टोपी मोबाइलमधल्या शिपायाच्या डोक्यावर होती. घातली मात्र मला होती.

आमच्या लहानपणीही शाळेसमोर फुग्यांची सोडत असे. पाच पैशांत चिठ्ठी ओढायची, आकडा येईल तो फुगा. सर्वांत मोठा फुगा वर्षभर तिथेच लटके. त्याची चिठ्ठी दुकानदाराच्या खिशात असावी असा आमचा दाट संशय. पण निदान फोडायला काहीतरी मिळे. आणि पाच पैसे हे पाच पैसेच दिसत. इथे आधी रुपयांचे हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांची पेटी. पेटी साठ हिऱ्यांची, पुडी शंभराची. उरलेले चाळीस वाया जाऊ नयेत म्हणून दुसरी पुडी! कॅसिनोतसुद्धा नोटांऐवजी रंगीत चकत्या देतात, ते काय उगाच?

याला जुगार म्हणावं, तर बेल्जियमने २०१८ साली पैसे मोजून घ्यायच्या अशा पेट्यांना तसं ठरवलंही. शाबास! पण ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०१७ साली म्हटलं, की पेटीतल्या वस्तूचे खेळाबाहेर पैसे होत नसतील तर तो कायद्याने जुगार नव्हे. २०१९ मध्ये तिथल्या संसदीय समितीपुढे 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स' कंपनीच्या अधिकारी बाईंनी आपल्या पेट्यांना 'सरप्राइज मेकॅनिक्स' असं गोंडस नाव दिलं, आणि चॉकलेटच्या अंड्यातल्या खेळण्याचा दाखला दिला.

म्हणजे बघा, मटक्यात आकडा लागला तर पैसे मिळतात, म्हणून मटकेवाला गुन्हेगार. इथे लागला तरी दमडी मिळत नाही, म्हणून हा सज्जन! हा मुद्दा आमच्या चाळीखालच्या मटकेवाल्याला सुचता, तर बिचारा हप्ते न देता जगला असता.

चीनने २०१७ पासून कंपन्यांना पेटीतल्या वस्तूंच्या शक्यता जाहीर करायला लावल्या. नातवाच्या खेळातही त्या आहेत. तीन बटणं दाबल्यावर, मुंगीच्या अक्षरांत. सोनेरी तलवार : अर्धा टक्का.

"म्हणजे दोनशे पेट्यांत एक नक्की?" नातवाने विचारलं.

"नक्की नाही. सरासरी."

सरासरी त्यांच्या शाळेत अजून व्हायची आहे. पेटी मात्र आधीच झाली.

अहो, तलवार हजाराला विका, पण किंमत लिहून विका! कोपऱ्यावरची भाजीवालीसुद्धा पिशवीत मेथी आहे की चुका, हे पैसे घेण्याआधी सांगते.

मी तिथल्या तिथे पिन बदलला. नातू गप्प बसला होता.

"चाळीस हिरे तसेच राहिले, आजोबा. वीसच कमी पडतायत."

"वीस कितीला येतात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"वीस मिळत नाहीत. शंभरच घ्यावे लागतात."