शिसे, शस्त्र आणि शिस्त

वरठीच्या भंडारा रोड स्थानकापासून जवाहरनगरची आयुधनिर्माणी फार दूर नाही. सैन्याला लागणारी स्फोटके तेथे तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात कामगारांनी प्राण गमावले. नियमबद्ध कारखान्यातही दारूगोळ्याची किंमत अशी मोजावी लागते.

अमेरिकेत भंगारातील शिसे वितळवून पिस्तुलाच्या गोळ्या घरी ओतणे हा छंद समजला जातो. आपल्याकडील काही तरुणांनाही त्यात पुरुषार्थ दिसू लागला आहे. तो भ्रम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा बनविणे हा गंभीर गुन्हा आहे. आणि ते योग्यच आहे. शस्त्र राष्ट्राच्या हाती शोभते, माथेफिरूच्या नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी शिसे कोणाला क्षमा करीत नाही. त्याची धूळ व वाफ लेकरांच्या रक्तात भिनते आणि बुद्धी खुंटविते. जगातील दर तीन बालकांपैकी एकाच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला. जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीत पेटविलेल्या भट्ट्या हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणूनच आपल्या इन्व्हर्टरची निकामी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेली पाहिजे.

खंडेनवमीला आपण शस्त्र पूजतो. त्या पूजेचा अर्थ संयम हाच आहे. ज्या पिढीने उद्या सीमा राखायची, तिचे रक्त आज शुद्ध राखणे हेही राष्ट्ररक्षणच होय.